मागच्या डाव्या चाकाचा आवाज

"काय डॉक्टर, काय म्हणतंय पेशंट?"

मालकांनी हे विचारलं तेव्हा डॉक्टर गाडीमागे जमिनीवर आडवे झाले होते. गाडी जॅकवर होती. टायरवाला मागचं डावं चाक हाताने फिरवत होता आणि डॉक्टरांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाच्या आत, बेअरिंगच्या जागेवर टेकवून मुठीला कान लावला होता. मालकांचा प्रश्न त्यांना ऐकू आला नाही. पण मालकांचे बूट डोळ्यांसमोर येऊन थांबलेले दिसले, आणि बूट असे येऊन थांबले की काय विचारलं जातं हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले.

ठीक आहे की नाही हे त्यांना मुळीच माहीत नव्हतं. वर्षभरापासून त्यांच्या डोक्यात एक बारीक शिट्टी वाजत होती. सकाळी डोळे उघडायच्या आधीच ती सुरू असायची आणि झोपेतही बहुधा थांबत नसावी. तिच्याखाली बाकीचे सगळे बारीक आवाज बुडून गेले होते. आता स्क्रूड्रायव्हर कुठेही टेकवला तरी तीच शिट्टी ऐकू यायची, चांगल्या चाकातही आणि वाईट चाकातही. डॉक्टर घाबरलेले होते, आणि घाबरल्यावर काय करायचं हे ठाऊक नसल्यामुळे ते नेहमीसारखे उठले, गुडघे झटकले आणि फडक्याला हात पुसत उभे राहिले.

डॉक्टर म्हणजे काही खरे डॉक्टर नव्हेत. ते मेकॅनिक. पण गाडीच्या छातीला नळी लावल्यासारखा स्क्रूड्रायव्हर लावून आत काय दुखतंय ते सांगायचे, म्हणून तरुणपणीच कुणीतरी त्यांना डॉक्टर म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की बायकोही चिडल्यावर "अहो डॉक्टर" म्हणू लागली.

वर्कशॉपमधली ही गाडी दोन माणसांची, बुटकी, रुंद, नाकाने जमीन हुंगत निघाल्यासारखी. ज्यांनी ती बनवली त्यांनी ती सरळ रस्त्यावर वाऱ्यासारखी पळावी म्हणून बनवली होती. इथे मात्र तिला आडवी पळवायचे. ड्रिफ्टिंग म्हणजे तेच. गाडीचं तोंड एकीकडे, जायचं दुसरीकडे, मागची चाकं घसरत, धूर काढत, आणि स्टिअरिंग भलत्याच दिशेला. बघणाऱ्यांना मजा येते, गाडीला येत नाही. मागचे टायर एका दुपारात संपतात, क्लच करपतो, चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांची रबरं फाटतात, बोल्टांची भोकं लांबट होत जातात. सगळ्यात वाईट हाल बेअरिंगचे. त्या बिचाऱ्याने मुकाट्याने गोल फिरायचं एवढंच ठरलेलं असतं, आणि इथे प्रत्येक वळणावर अख्खी गाडी बाजूने त्याच्या अंगावर येऊन कोसळते. टायर डोळ्यांना दिसतो, क्लचचा वास येतो. बेअरिंग आतल्या आत झिजतं आणि बाहेर फक्त आवाज पाठवतं.

तो आवाज ओळखणं हा डॉक्टरांचा धंदा. एकदा मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी, लोक येऊन बसलेले असताना, डॉक्टर हाताची घडी घालून उभे राहिले होते. "पुढून उजवीकडे काहीतरी तडकतंय," एवढंच ते म्हणत होते. मालक आधी रागावले, मग विनवण्या करू लागले. शेवटी दांडी खोलली तर तिला केसाएवढी भेग. तेव्हापासून वर्कशॉपमध्ये एक रीत पडली. गाडी बाहेर काढायच्या आधी डॉक्टरांनी चालवणाऱ्याच्या शेजारी बसून अंगणात एक चक्कर मारायची आणि उतरल्यावर बोटाच्या पेराने बॉनेटवर टकटक करायची. टकटक झाली की गाडी पास. टकटक झाली नाही तर मालक स्वतःसुद्धा किल्लीला हात लावत नसत.

ही गाडी आता डॉक्टरांची भाची चालवायची. धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. लहानपणी सुट्टीत मामाकडे आली की वर्कशॉपमध्ये पडीक असायची, आणि मोठी होऊन तिने नेमकं हेच खूळ डोक्यात घेतलं. बहिणीने तेव्हा अन्नपाणी सोडायचंच बाकी ठेवलं होतं. अखेर तिने डॉक्टरांना समोर बसवून एकच अट घातली होती.

"तू गाडी ऐकल्याशिवाय ती त्यात बसणार नाही. शब्द दे मला."

"दिला," डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा त्यांचे कान धड होते आणि शब्द द्यायला काहीच लागत नव्हतं. बहीण अजून दर रविवारी दुपारी फोन करायची. "ऐकलीस ना?" एवढंच विचारायची. प्रश्न ठरलेला असल्यामुळे डॉक्टर न चुकता "ऐकली" म्हणायचे.

घरी बायकोला सगळं कळलेलं होतं. टीव्हीचा आवाज इतका वाढला होता की शेजारी बातम्या ऐकायला स्वतःचा टीव्ही लावेनासे झाले होते, असं ती म्हणायची. बाहेर लोकांत डॉक्टरांनी वेळ मारून न्यायची युक्ती शोधली होती. "हं", "बघू या" आणि "असं म्हणता?" या तीन उत्तरांवर त्यांचा बहुतेक संसार चालायचा. कुणी फार हसत असेल तर तेही हसायचे. कुणी गंभीर असेल तर मान हलवायचे. या भांडवलावर त्यांनी एका नातेवाइकाचं अख्खं घरगुती भांडण मिटवलं होतं आणि शहाणा माणूस म्हणून नाव कमावलं होतं.

"भांडणं मिटवा हवी तेवढी," आज सकाळी बायको त्यांच्यासमोर उभी राहून एकेक शब्द मोकळा करत म्हणाली होती. "पण ती पोरगी तुमच्या भरवशावर त्या गाडीत बसते. आज सांगून टाका."

"पुढच्या रविवारी सांगतो."

"मागच्या रविवारीपण हेच म्हणालात."

डॉक्टरांना ते ऐकू आलं होतं, पण त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचे तेवढे तरी फायदे असतात.

अंगणातल्या चकरेसाठी भाची गाडीत येऊन बसली. डोक्यावर हेल्मेट, हातांत मोजे. डॉक्टर शेजारी बसले, पट्टा आवळला आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटले. पूर्वी डोळे मिटले की गाडी त्यांच्यासमोर उलगडायची, कुठे काय घासतंय, काय सैल आहे, काय थकलंय. आता डोळे मिटल्यावर नुसता अंधार आणि शिट्टी. त्यांनी सीटला पाठ घट्ट टेकवली, तळहात दाराला लावला, काही थरथर लागते का ते पाहिलं. सगळीच गाडी थरथरत होती. ड्रिफ्टची गाडी कधी थरथरत नाही? भाचीने वळणावर गाडी उजवीकडे झोकली आणि भार मागच्या डाव्या चाकावर आला. डॉक्टरांना वाटलं, मांडीखाली काहीतरी चुरचुरलं. मग वाटलं, आपलीच मांडी कापतेय.

"काही वाटतंय का गं तुला?" त्यांनी विचारलं.

ती काहीतरी बोलली. हेल्मेटच्या आत तिचं तोंड दिसत नव्हतं. खांदे उडवलेले दिसले.

"असं म्हणतेस?" डॉक्टर म्हणाले.

गाडीतून उतरल्यावर ते बॉनेटपाशी उभे राहिले. नवं बेअरिंग फळीवर होतं. बदलायचं तर चाकामागचं सगळं खोलावं लागणार, निम्मा दिवस जाणार, दुपारचा कार्यक्रम बुडणार, आणि मालक विचारणार की मघाशी ठीक होतं त्याला आता काय झालं. त्यावर काय सांगायचं? ऐकलं म्हणून नव्हे, ऐकू येत नाही म्हणून बदलतोय? मग उद्यापासून इथे यायचं कशाला? डॉक्टरांना दुसरं काहीच येत नव्हतं. हातांनी काम करणारे इथे आणखीही होते. त्यांच्याकडे सगळे वळून बघायचे ते कानांसाठी.

मालक बघत होते. टायरवाला बघत होता. भाची काच खाली करून बघत होती. डॉक्टरांचा हात तर आपल्या सवयीने वर गेलाच होता. त्यांनी टकटक केली.

कार्यक्रम गावाबाहेरच्या एका मोठ्या फरसबंद मैदानात होता. एका बाजूला लोकांना बसायला पायऱ्या, त्यांच्यासमोर कमरेएवढी काँक्रीटची भिंत, आणि मैदानात लाल ड्रम मांडलेले. भाचीची खासियत म्हणजे ती भिंत. ड्रमांना वळसे घालून ती शेवटी गाडी आडवी करत भिंतीकडे यायची, आणि मागचा भाग भिंतीला आता लागणार, आता लागणार असं वाटत असताना वीतभर अंतर ठेवून घसरत पुढे निघून जायची. लोक उभे राहून ओरडायचे. डॉक्टरांना लोकांचं ओरडणं दिसायचं.

पहिल्या दोन फेऱ्या नीट झाल्या. डॉक्टर टायरांच्या ढिगाजवळ उभे होते आणि आयुष्यात कधी न केलेली गोष्ट करत होते. ते देवाला, गाडीला, त्या चाकाला, जो कुणी ऐकत असेल त्याला मनातल्या मनात सांगत होते की आजचा दिवस जाऊ दे, उद्या मी स्वतः सगळं सांगतो. तेवढ्यात टायरवाला त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. हा माणूस मोठ्या आवाजात आणि तोंड उघडून बोलायचा, त्यामुळे त्याचं बोलणं समजायचं.

"डॉक्टर, एक विचारू का? रागावू नका. ते मागचं डावं जरा घरघरतंय ना? सकाळी फिरवताना मला हातालापण लागलं."

डॉक्टर पुढे वाकून त्याचे ओठ बघू लागले.

"मालकपण म्हणत होते काल. पण म्हटलं, डॉक्टरांनी ऐकलंय. मग आपलेच कान वाजत असतील."

डॉक्टरांची पाचावर धारण बसली. म्हणजे आवाज होता. सगळ्यांना येत होता. टायरवाल्याने ऐकला होता, मालकांनी ऐकला होता, आणि दोघांनीही तो आपल्या कानांतून काढून टाकला होता, कारण डॉक्टरांनी टकटक केली होती. वर्कशॉपमध्ये एवढी धड कानांची माणसं होती, आणि त्या सगळ्यांना एका बहिऱ्या माणसाने बहिरं करून ठेवलं होतं.

तिसरी फेरी सुरू झाली होती. भाची ड्रमांच्या पलीकडच्या टोकाला होती. डॉक्टर पळत सुटले. या वयात पळायची सवय राहिलेली नव्हती, चपला कुठेतरी निघून गेल्या. मालक लोखंडी चौथऱ्यावर वॉकीटॉकी घेऊन उभे होते. भाचीच्या हेल्मेटमध्ये फक्त त्यांचाच आवाज पोचायचा.

"थांबवा तिला," डॉक्टर खालून म्हणाले.

मालकांनी काहीतरी विचारलं आणि हसून मैदानाकडे बोट दाखवलं. फेरी संपतच आलीय, असं काहीसं. डॉक्टरांनी शिडी चढून त्यांचा दंड धरला.

"मागचं डावं गेलंय. थांबवा."

"सकाळी तर तुम्हीच पास केलंत," मालक आता त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले. "एवढ्यात काय झालं?"

हा प्रश्न आल्यावर काय सांगायचं, याचा डॉक्टरांनी वर्षभर विचार केला होता आणि एकही उत्तर सापडलं नव्हतं. आता विचार करायला वेळ नव्हता.

"मी ऐकलंच नाही. मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. मालक नुसते बघत राहिले, तेव्हा त्यांना वाटलं आपला आवाज पोचला नाही, म्हणून ते ओरडून म्हणाले, "बहिरा झालोय मी. वर्ष झालं. मला काही ऐकू येत नाही."

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. खालच्या पायऱ्यांवरची माणसं मागे वळून बघू लागली. मालकांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी नेली, आणि मग थांबले.

"आत्ता नाही सांगता येत," ते डॉक्टरांच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले. "ती वळणात शिरलीय. मध्येच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तर सरळ भिंतीत जाईल."

डॉक्टरांनाही ते कळत होतं. गाडी आडवी असताना तिला थांबवता येत नाही, ती आपणहून सरळ व्हावी लागते. भाची भिंतीकडे येत होती, मागचा भाग भिंतीकडे काढून, अगदी नेहमीसारखी. सगळा भार मागच्या डाव्या चाकावर होता. डॉक्टरांना चाक दिसत नव्हतं, नुसता पांढरा धूर, धुरातून पुढे आलेलं गाडीचं नाक आणि काचेआड हेल्मेट. कसलाही आवाज नव्हता. शिट्टी सोडली तर सगळं मैदान त्यांच्यासाठी मुकं होतं, आणि त्या मुकेपणात त्यांची भाची आडवी होऊन भिंतीवर येत होती. बहिणीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. त्यांनी मालकांचा दंड इतका घट्ट धरला होता की पुढे कित्येक दिवस तिथे वळ दिसत होते.

गाडीचा मागचा भाग एकदा हिसका खाऊन डुलला. लोकांना तो करामतीचाच भाग वाटला असावा, ते उभे राहिले. भाचीने स्टिअरिंग मारलं, गाडी भिंतीपासून सुटली, ड्रमांच्या मधल्या मोकळ्या जागेत आली आणि सरळ झाली. मालक वॉकीटॉकीत बोलले. गाडी हळू झाली आणि धुरात थांबली.

चाक तिथेच मैदानात खोललं. टायरवाल्याने जॅक लावून ते वर उचललं तेव्हा ते हाताने आतबाहेर हलत होतं, हिरडीत सैल झालेल्या दातासारखं. आतलं बेअरिंग जळून निळं पडलं होतं आणि गोळ्या धरून ठेवणारी कडी तुटून तिचे तुकडे झाले होते. एका गोळीचा निम्मा भाग कुठे गेला ते सापडलंच नाही. सगळे वाकून बघत होते आणि कुणीही काही बोलत नव्हतं. निदान डॉक्टरांना कुणाचे ओठ हललेले दिसले नाहीत.

भोंग्यावरून काहीतरी सांगितलं गेलं असावं, कारण लोक उठून जाऊ लागले. मालक डॉक्टरांजवळ आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीकडे परत गेले. रागावले असते तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. त्या हातात राग नव्हता. वर्कशॉप सोडून जाणाऱ्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा तो हात होता, आणि डॉक्टरांना तो जड गेला.

भाची मैदानाच्या कडेला एका खुर्चीवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टर अनवाणीच तिच्याजवळ गेले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. तिने सगळं ऐकलं असणार. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांना एव्हाना दुसऱ्यांनी सांगितलं असेल.

"तुलापण येत होता का आवाज?" त्यांनी विचारलं.

तिने मान डोलावली. मग त्यांच्याकडे वळून, त्यांना कळेल असं म्हणाली, "गेल्या वेळेपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू टकटक केलीस ना, मामा."

डॉक्टरांनी मान खाली घातली. बहिणीचा फोन यायची वेळ झाली होती. आज फोन आला की काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं. तिकडे टायरवाला आणि मालक गाडी ट्रॉलीवर चढवायची तयारी करत होते. भाची गाडीकडे बघत होती. बघता बघता ती हळूच काहीतरी बोलली. ओठ थोडेसेच हलले, आणि तेही पलीकडच्या बाजूला.

नेहमीची तिन्ही उत्तरं डॉक्टरांच्या जिभेवर आली होती. त्यातलं कुठलंही चाललं असतं.

"परत सांग," ते म्हणाले. "मला ऐकू आलं नाही."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ती असं काही मोठ्याने बोलणाऱ्यांतली नव्हती. इतक्या वर्षांत भिंतीवरून, वेगावरून, कुणी कितीही छेडलं तरी ती नुसती हसायची आणि हेल्मेट चढवायची. तिने एक श्वास घेतला.

"मला भीती वाटली," ती मोठ्याने म्हणाली.

टायरवाल्याने वळून पाहिलं. मालकांचे हात दोरावरच थांबले.

"आत्ता? तिसऱ्या फेरीला?"

"नाही, मामा." तिला आणखी आवाज चढवावा लागला, आणि तो चढवताना तिचे डोळे भरून आले. "नेहमीच वाटते. पहिल्या दिवसापासून."

डॉक्टर उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि तिच्या अगदी समोर, तिचं तोंड नीट दिसेल अशी ठेवली. मग ते बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "सांग."